राणी रंगाची वलणी

पांढऱ्या साड्या वाळवायला मी बैलाचा कासरा विकत आणला. तोही साधा नव्हे, सणाचा. राणी रंगाचा, मधून हिरवा पीळ घातलेला, आणि बरोबर मध्यावर नारळाएवढा लोकरीचा गोंडा. तो कुणी माझ्या गळ्यात मारला नाही, मी स्वतः निवडला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं बरीच वर्षं ही गोष्ट सांगताना मी दोष दुकानदारावर ढकलून पाहिला आणि आमच्या घरात एकानंही तो तिकडं जाऊ दिला नाही.

आज हे आठवायचं कारण म्हणजे परवा सूनबाईनं मोबाईल माझ्यापुढं धरला. "मामा, कपडे वाळवायचा स्टँड घ्यायचाय. बघा की, कोणता बरा वाटायलाय." मी चष्मा पुसून बघतो तर काय, स्टँडाच्याही जाती निघालेल्या. कुणाला पंख, कुणाला चाकं, कुणी मिटला की छत्रीएवढा होतो. एक तर असा होता की त्याचं चित्र बघून हे उघडायचं कसं हेच मला कळेना. मी अभ्यासाला लागलो, तेवढ्यात माझा लेक आतून ओरडला, "अगं, अप्पांना कामून विचारायलीस? दुसऱ्या कुणालाबी विचार!" सूनबाई या घरात नवीन, तिला माहीत नव्हतं. आता ती विचारणार, सांगणारे पदरचं घालून सांगणार. त्यापेक्षा मीच लिहून ठेवतो.

तेव्हा आम्ही गुलबर्ग्यात माडीवरच्या एका खोलीत राहत होतो. मी, थोरली बहीण अक्का आणि आमची कोंडाआत्या. गाव आमचं मुडबी. मी कॉलेजात होतो, म्हणजे कॉलेजच्या दिशेनं रोज जात होतो. अक्कानं नर्सिंगचा कोर्स पुरा केला होता आणि एका खासगी दवाखान्यात ती नुकतीच लागली होती, पण कच्ची. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, महिनाभर काम बघते, मग ठेवायचं का ते ठरवते. इकडं आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, तेवढीच मुदत दिली होती. कोहिनूर गावच्या एका घरातून अक्काला मागणी आलेली. घर खाऊनपिऊन सुखी, पण सुनेनं दवाखान्यात जाऊन परक्यांची दुखणी काढावीत हे त्यांना चालणार नव्हतं. दादांचं म्हणणं सरळ होतं. दवाखान्यानं ठेवलं तर त्यांना नाही म्हणून सांगतो, नाही ठेवलं तर मुकाट्यानं गावाकडं यायचं. अक्का व्हय म्हणाली होती. ती व्हय म्हणाली की वाद मिटायचा, पण त्या दिवसापासून ती झोपेतसुद्धा हनुवटी वर करून झोपायला लागली, असं आत्या सांगायची.

खोली एकच, पण तिच्यात सगळं गाव वसलं होतं. एका कोपऱ्यात आत्याचा स्टो फरफरायचा, त्याच्या शेजारी ज्वारीचं पीठ, माझी पुस्तकं पिठाच्या डब्यावर. सकाळी आत्या भाकरी थापायची तो आवाज, खाली मालकिणीच्या पूजेची घंटा, आणि पलीकडच्या डाळमिलची दिवसभराची घरघर, या तिन्हींवर आमचं घड्याळ चालायचं. तुरीची डाळ भरडल्याचा वास अंगावरच्या कपड्यांतसुद्धा यायचा. अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी, शेंगाची चटणी, आणि सुट्टीच्या दिवशी आत्याला लहर आली तर गुळाची हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. आता सुनेनं कितीही चांगलं केलं तरी त्या अंबाडीचा आंबटपणा येत नाही. येत नाही हे मी बोलत नाही, एवढं शहाणपण वयाबरोबर आलंय.

मालकीण गौरम्मा. कानडी बाई, आमच्याशी दखनीत बोलायची, मनानं चांगली, पण भिंतीच्या बाबतीत फार कडक. खोली दाखवतानाच तिनं हाताचा तळवा भिंतीवर ठेवून सांगितलं होतं, "खिला नक्को. कायका बी खिला नक्को. दीवार को छेद पड्या तो मेरे दिल को पड्या." खिळ्यावाचून आमचा आरसा खिडकीत, कॅलेंडर ट्रंकेवर, आणि कपडे जिथं जागा मिळेल तिथं. गच्चीवर गौरम्माच्या शेवया, सांडगे आणि पापड वाळत असायचे. ते दुपारनंतर उचलले की थोडा वेळ आम्हाला मुभा होती. म्हणजे कपडे वाळवायची वलणी अशी हवी होती की दुपारी गच्चीवर नेता यावी, पावसाचा थेंब आला की कपड्यांसकट गुंडाळून खाली आणावी, खोलीत खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत ताणावी, आणि सकाळी आत्या स्टोकडं जायच्या आत सोडून पिशवीत टाकावी. उन्हाळाभर खाटेच्या पाठीवर आणि ट्रंकेवर निभावलं. पण ज्येष्ठ लागला, आभाळ भरून यायला लागलं. अक्काजवळ पांढऱ्या साड्या दोनच. आणि डॉक्टरीणबाईंनी ओलसर साडी नेसून आलेल्या एका मुलीला दारातूनच परत पाठवलं होतं.

"नागू," अक्का म्हणाली, "उद्या सुट्टी हाय मला. दोन्ही साड्या धुणार हाय. तू सकाळी जाऊन वलणीला दोरी आण. पांढरी आण. बारीक आण. दोन्हीकडं कडी असली तर बरं."

"दोरीतलं मला सांगू नको," मी म्हणालो. "शेतकऱ्याचं पोर हाय मी."

आत्या भाकरी उलटताना हसली. तिला आठवलं असणार, मी बांधलेला बैल आजवर एकदाही सकाळी जागेवर सापडला नव्हता. माझी गाठ म्हणजे बैलाला दिलेली रजा, असं दादा म्हणायचे.

बाजारात गेलो. दोऱ्यांच्या दुकानात मी खरोखर विचार केला, हे कुणाला पटत नाही. काथ्याची दोरी हातात घेतली, ती बोटांना टोचली. साडीचं सूत ओढेल म्हणून ठेवली. प्लास्टिक चढवलेली तार बघितली, ती एकदा वाकली की तशीच राहते. नायलॉनची पांढरी, बारीक, दोन्हीकडं कडी असलेली दोरीही तिथं होती. अक्कानं सांगितलेली, हुबेहूब. पण ती इतकी गुळगुळीत की माझी गाठ तिच्यावर टिकणार नाही, असं मला वाटलं. कडी असल्यावर गाठ मारावी लागत नाही, हे तेव्हा सुचलं नाही. एवढ्यात शेजारच्या दुकानाकडं नजर गेली आणि मी गेलो कामातून.

कारहुणवी तोंडावर आली होती. तिकडं लातूर-उदगीरकडं बैलांचा पोळा श्रावणात, आमच्याकडं कारहुणवी ज्येष्ठातच. अख्खं दुकान बैलांच्या साजानं पेटलेलं. झुली, घुंगरांच्या माळा, शिंगांचे गोंडे, रंगीत वेसणी, आणि वर आढ्यापासून लोंबणारे कासरे. मला एकदम आमचा बैल चांद्या आठवला, त्याच्या मानेखालची लोंबती मऊ पोळी आठवली. गावाकडची आठवण आली की माणसानं चहा प्यावा, खरेदी करू नये. मी त्या राणी रंगाच्या कासऱ्याला हात लावला. सुती, मऊ, जाडजूड. मनाशी म्हटलं, जो बैलाला आवरतो तो साडीला आवरणार नाही का? शिवाय खोलीला शोभा येईल. सण झाला की चांद्याला घालता येईल, म्हणजे एका खरेदीत दोन कामं. दुकानदारानं विचारलं, "बैल केवढा हाय?" मी म्हटलं, "वलणीला पायजे." त्यानं लगेच कासरा गुंडाळायला घेतला. गिऱ्हाइकाला शहाणं करणं त्याच्या धंद्यात बसत नसावं.

एवढा घोळ घालून परत येईपर्यंत संध्याकाळ झाली, पाऊस धरला होता आणि वीज गेली होती. अक्का दोन्ही साड्या पिळून बादलीत घेऊन उभी. खोलीत अंधारून आलेलं, त्यामुळं रंगाचा प्रश्न निघालाच नाही. एक टोक मी खिडकीच्या गजाला बांधलं. दुसरं दाराच्या कडीला बांधायला गेलो तर कासरा जाड, कडी लहान. मग मी टोक हातात धरून, पाय रोवून उभा राहिलो आणि अक्कानं साड्या अर्ध्यात दुमडून लांबवर पसरल्या. ओल्या साड्यांचं वजन असं की गोंडा मधे लोंबायला लागला. दारात गौरम्मा येऊन उभी राहिली. मी अंधारात, ताणलेला कासरा दोन्ही हातांत धरून. तिनं मला बघितलं, मग कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाकडं नजर नेली आणि विचारलं, "बैल किधर है?"

पुढं आत्यानं खाट उभी केली, तिच्या पायाला मी टोक गुंडाळलं, आणि आम्ही जेवलो. जमिनीवर थेंब टपटपत होते. आत्या म्हणाली, "पाणी लालसर दिसायलंय का रं?" मी म्हटलं, "गावाकडच्या मातीचं असंल, अजून निघायलीय." मुडबीची माती काळी आहे.

सकाळी उजेड आला आणि आम्ही बघितलं. दोन्ही साड्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोबर मध्यातून राणी रंगाचा पट्टा उमटलेला. पट्ट्याच्या कडेनं हिरवी झाक. जिथं गोंडा टेकला होता तिथं एका साडीवर जास्वंदीएवढा डाग, पाकळ्या फुटल्यासारखा. चित्र म्हणून कुणी काढलं असतं तर बरं म्हटलं असतं.

अक्कानं कासऱ्याला बोट लावलं, बोट बघितलं, मग मला बघितलं. "कारहुणवीचा आणलास व्हय रे?"

"मजबूत हाय," मी म्हणालो.

"कामून आणलास?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाटेवर बसली, साडी मांडीवर घेतली आणि तो पट्टा नखानं खरवडायला लागली, जसा काही तो वर चिकटलाय. मला पहिल्यांदाच नीट कळलं की ही नुसती साडी नव्हे. ही साडी नेसून ती दवाखान्याच्या दारातून आत गेली तर इथं राहणार, आणि दारातून परत आली तर कोहिनूर. आत्यानं तिच्या हातातून साडी काढून घेतली. "नेस. काठ हाय म्हणून सांग."

"काठ मधोमध असतोय का, आत्या?"

"इचारलं तर सांग, नवीन निघालाय. आधी नेस."

अक्का नेसली. तो पट्टा गुडघ्याच्या वर गोल फिरला आणि पदराबरोबर खांद्यावर गेला. डाग नसलेली साडी तिनं घेतली होती, तेवढंच समाधान. जाताना ती मागं वळून बघेना, पण हनुवटी वर होती.

दिवसभर मी दुसऱ्या साडीशी झुंजलो. लिंबू चोळलं, सोडा घातला, मग गौरम्माकडून नीळ मागून आणली. शेवटी आत्याच्या मोठ्या पातेल्यात साडी उकळली. उकळल्यानं पट्टा गेला हे खरं, पण गेला तो सगळ्या साडीत गेला. साडी बाहेर काढली तर नवरीच्या मावशीनं नेसावी अशी फिक्कट गुलाबी. मग मी कासरा घेऊन तावातावानं दुकानात गेलो. "रंग जातोय ह्याचा!" दुकानदार शांतपणे म्हणाला, "आजपर्यंत एका बैलानं तक्रार केली न्हाई."

अक्का नेहमीपेक्षा उशिरा आली. चप्पल काढली, हातपाय धुतले, गुलाबी साडीकडं बघितलं. आत्यानं ताट वाढलं. भाकरी मोडून पहिला घास खाल्ल्यावर अक्काला हसू यायला लागलं. घास तोंडात, डोळ्यांत पाणी, आणि ती हसतेय. आत्या घाबरली. "काय झालं गं? काढलं का?"

मग अक्कानं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तिला आपादमस्तक बघितलं होतं, पट्ट्यापाशी नजर थांबली होती. "हे काय?" अक्काला काठाचं खोटं जमलं नाही, ती म्हणाली, "बैलाचा कासरा, बाई." डॉक्टरीणबाईंनी बाहेर पेशंटसमोर यायचं नाही, आज मागच्या खोलीत बाळंतिणींजवळ बसायचं, आणि संध्याकाळी जाताना मला भेटून जायचं, एवढंच सांगितलं. संध्याकाळी भेटून जायचं म्हणजे काय ते अक्काला कळत होतं.

मागच्या खोलीत सीमेवरच्या करजगी गावची एक बाळंतीण होती. पहिलटकरीण, वयानं अक्काएवढीच, भिंतीकडं तोंड करून पडलेली. सगळ्या नर्सा विचारून थकल्या, तिचं उत्तर एकच, काय न्हाई, बरी हाय. कानडी येत होतं तिला, पण तिकडच्या आमच्या बायका बाजार कानडीत करतात आणि दुखणं मराठीत सांगतात. तेही सांगितलं तर. अक्का भिंतीकडच्या पाळण्याशी वाकली तसा पट्टा त्या बाईच्या डोळ्यांसमोर आला. राणी आणि हिरवा, असा कासरा तिनं घरी बघितलेला; बाई टक लावून बघायला लागली. मग म्हणाली, "सिस्टर, तुमच्याबी घरी बैलं हायत का?"

"हायत की. कासऱ्यावर साडी वाळवली भावानं."

"कारहुणवीच्या? आगं बया! शिकलेला हाय का भाऊ?"

"कॉलेजात हाय."

"मग बरूबर हाय," ती बाई म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता एकदम छातीशी हात नेऊन कळवळली. अक्कानं हात धरला तर अंग तापलेलं. एका बाजूला दूध साकळून दगड झाला होता. लाजेपायी कुणाला बोलली नव्हती, आणि त्या बाजूला बाळाला घेतच नव्हती. आता मात्र ती अक्काच्या कानाशी सगळं बोलली. अक्का पट्ट्यासकट धावत बाहेर गेली, पेशंटांच्या रांगेतून, थेट डॉक्टरीणबाईंच्या टेबलापाशी. संध्याकाळपर्यंत शेक, औषध सुरू झालं, बाईला उतार पडायला लागला, आणि बाळ दोन्हीकडं प्यायला लागलं.

"मग? भेटायला गेलीस?" आत्यानं विचारलं.

"गेले की. म्हणाल्या, सीमेकडच्या बायका तुझ्याशी बोलायल्यात, तर तू राहा. महिना भरायची वाट कशाला बघायची." अक्कानं भाकरीचा तुकडा वरणात बुडवला. "आणि म्हणाल्या, उद्या पांढरी नेसून ये. भावाला कशाला हात लावू देऊ नको."

डॉक्टरीणबाईंनीच एक जुनी पांढरी साडी तिला नेसायला दिली होती. दादांना निरोप गेला, कोहिनूरला नकार कळवला गेला, आणि दादा महिनाभर इकडं फिरकले नाहीत. मग एकदा पाठदुखीचं औषध न्यायला म्हणून गुलबर्ग्याला आले आणि दवाखान्याच्या बाकावर बसून दुपारभर पोरीला जाता-येता बघत राहिले. औषध न्यायचं विसरले. कासरा मी कारहुणवीला गावी नेला. मिरवणुकीत पाऊस आला आणि चांद्याच्या पांढऱ्या मानेवर राणी रंग उतरला तो बरेच दिवस तसाच होता. गुलाबी साडीची आत्यानं वाकळ शिवली. ती अजून आहे. लेकीचा पोरगा आला की तिच्यावर झोपतो आणि ती धुतली की मी सूनबाईला ती वेगळी वाळत घालायला लावतो. कामून ते मी तिला सांगितलं नव्हतं, आता वाचेल.

पण वलणीचा प्रश्न राहिलाच होता. पुढच्या सुट्टीला अक्का स्वतः निघाली, आणि मला म्हणाली, चल. मला वाटलं, रुसवा संपला, मत विचारणार. दोऱ्यांच्या दुकानात तिनं पर्समधून पांढरा रुमाल काढला, पाण्यानं भिजवला आणि एकेक दोरी रुमालात धरून जोरात ओढायला लागली. रुमाल मळला की दोरी बाजूला. शेवटी दोन पदरी पिळाची एक नायलॉनची दोरी तिला पसंत पडली. पिळात कपड्याचं टोक खुपसलं की चिमटा लागत नाही, दोन्ही टोकांना कड्या, गुंडाळली की मुठीत मावते. तिनं एक कडी माझ्या हातात दिली, दुसरी घेऊन ती दुकानाच्या दारापर्यंत गेली आणि दोरी ताणून बघितली. मी कडी धरून छाती काढून उभा. दुकानदार म्हातारा होता, दवाखान्यात येऊन गेलेला, त्याला कौतुक वाटलं.

"हे कोण, सिस्टर?"

"भाऊ हाय माझा," अक्का दोरीवर झुकून ताण बघत म्हणाली. "खोलीत खिळा ठोकू देत न्हाईत, म्हणून ह्याला ठेवलाय."